दुसरी ढबू मिरची

दादा,

तुला जाऊन एकोणीस दिवस झाले आणि मी अजून रडलेले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तू असतास तर सगळ्यात आधी तेच विचारलं असतंस. एकदा रडायला म्हणून बसले होते. मोहालीतल्या माझ्या फ्लॅटचं दार लावून, फोन बंद करून, सोफ्यावर नीट बसले. दहा मिनिटांनी लक्षात आलं की मी पंख्याच्या पात्यांवरची धूळ बघतेय. मग उठून पंखा पुसला.

तुझ्याबद्दल चारचौघांत सांगण्यासारखं जे होतं ते त्या दिवशी चंडीमंदिरच्या छावणीत सांगून झालं. तुझ्या बदल्या, तुझी शिस्त, हाताखालच्या माणसांवरची माया, सगळं. घडी केलेला तिरंगा वहिनीच्या हातात दिला तेव्हा मी तिच्या मागेच उभी होते. मला मात्र दिसत होती ती समोरच्या रांगेतल्या एका अधिकाऱ्याच्या बुटाची सुटलेली नाडी. तुलाही ती दिसली असती आणि नंतर बाजूला घेऊन तू त्याची हजेरी घेतली असतीस. बिगूल थांबेपर्यंत मी ती नाडीच बघत होते.

चौथ्या दिवशी ऑफिसचा कॉल घेतला. रजेच्या फॉर्ममध्ये मयताशी नातं विचारलं होतं, यादीतून निवडायचं. मी 'भाऊ' वर टिचकी मारली आणि फॉर्म पुढे सरकला. लोक म्हणतात मनीषा किती खंबीर आहे. खंबीर कसली, बधिर आहे. दाढ काढताना भूल दिल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तशी मी सबंधच मला आपली वाटत नाही. भूल उतरल्यावर काय होतं ते ठाऊक असल्यामुळे मी चाचपूनही बघत नाही.

पण एक गोष्ट तुला सांगायची राहिलीय. त्या गच्चीवरची.

मध्य मार्गावरच्या त्या गच्चीवरच्या हॉटेलात पहिल्यांदा मीच तुला नेलं होतं. तू सैन्यात जायला घर सोडलंस तेव्हा सतरा वर्षांचा होतास, मी नऊची. त्यानंतर आपण एका गावात कधी राहिलोच नाही. गडहिंग्लजची दोन पोरं बत्तीस वर्षांनी एकत्र आली ती कुठे, तर चंदीगडला. तुझी बदली इकडे झाली तेव्हा मला शेजारच्या मोहालीत चार वर्षं झाली होती, म्हणजे शहर माझं होतं आणि तुला ते मिरवून दाखवायची मला भारी हौस. पांढऱ्या भिंती, निळ्या खुर्च्या, कुंड्यांतली ऑलिव्हची झाडं आणि हवा स्वच्छ असली की समोर कसौलीचे डोंगर. तू खुर्चीवर बसून चारी बाजूंनी पाहणी केलीस आणि म्हणालास, "झकास. आता खायला काय मिळतं ते बघू."

मग दर महिन्याचा पहिला शनिवार आपला ठरला. तू एकेक पदार्थ मागवायचास आणि त्याचं मूळ गाव शोधून काढायचास. हमस म्हणजे हरभऱ्याची चटणी. लबने म्हणजे चक्का, साखर घालायला विसरलेत. बाबा गनुश आलं तेव्हा पावाचा तुकडा बुडवून डोळे मिटलेस आणि म्हणालास, भरीत आहे की गं हे, आईला सांगू नकोस, एवढ्या उंचावर बसून भरीत खातात म्हणून हसेल. तिथल्या वयस्क सरदारजी वेटरशी तू पंजाबीत गप्पा मारायचास. सहा वर्षं राहून मला येत नाही तेवढी पंजाबी तुला दोन वर्षांत यायला लागली होती. मला त्याचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा.

सुरी-काट्याचं आपलं जे होतं ते वहिनीला ठाऊक होतं, पण बाहेरच्या कुणाला सांगितलं तर हसतील. मी कॉलेजात असताना तुझ्या युनिटच्या मेसमध्ये पहिल्यांदा जेवायला आले होते. कॅरमल कस्टर्ड अर्धं खाल्लं आणि पाणी प्यायला म्हणून चमचा-काटा बशीत शेजारी शेजारी ठेवला. ग्लास खाली ठेवते तोवर बशी गायब. मी तिथेच तुझ्याशी भांडायला उठले होते. तू कानाशी येऊन समजावलंस की मेसमध्ये काटा-सुरी जुळवून ठेवली म्हणजे माझं झालं, आणि लांब ठेवली म्हणजे अजून खातेय. एकदा जुळवलं की परत उचलायचं नाही. आणि सोबतचं माणूस थांबलं की आपणही थांबायचं, त्याला ताटकळत ठेवून चरत बसायचं नाही. ते कस्टर्ड मला कधीच परत मिळालं नाही, पण घराला एक म्हण मिळाली. गडहिंग्लजला आईसुद्धा फोनवर म्हणायला लागली, "जुळवला बघ मी काटा," म्हणजे या विषयावर आता बोलायचं नाही.

तू तो काटा एकदा माझ्यासाठी जुळवला होतास, दादा. मी सत्तावीसची, तिसरं स्थळ परत पाठवलेलं. मामा, आत्या, आई अशी सगळी बैठक बसली होती आणि मी कोपऱ्यात मान खाली घालून. तू सुट्टीवर आला होतास. जेवता जेवता एवढंच म्हणालास, "तिला लग्न करायचं नाही. मी काटा जुळवला." बाकीच्यांना काट्याचं काही कळलं नाही. आईला कळलं. ती वर्षभर तुझ्याशी धड बोलली नाही आणि तू ते ऐकून घेतलंस, मला एकदाही ऐकवलं नाहीस. मी तुझे आभार मानले नव्हते. भावाचे कुठे कोण आभार मानतं. आता मानते.

फेब्रुवारीतला तो शनिवार मात्र पहिला नव्हता, मधलाच होता, आणि तू बोलावलं होतंस. मला त्यातच काहीतरी कळायला हवं होतं. त्या इमारतीची लिफ्ट एक मजला आधी थांबते, पुढे जिना चढावा लागतो. मी पुढे गेले. मागे वळून बघते तर तू मधल्या पायरीवर, जिथे जिना वळतो तिथे, कठड्याला हात टेकून उभा. मी वरून म्हटलं, काय फौजी, दमलास? तू म्हणालास, डोंगर बघतोय. तिथून डोंगर दिसत नाहीत, दादा. तिथे भिंत आहे.

वर गॅसच्या शेगड्या लावल्या होत्या, तरी तू कोट काढला नाहीस. दर वेळी मटण मागवणारा तू, त्या दिवशी भाताने भरलेली ढबू मिरची मागवलीस. पोट जरा बरं नाही म्हणालास. ताटात दोन मिरच्या आल्या, हिरव्या, वर टोमॅटोचा रस. पहिली तू सावकाश खाल्लीस. मग आईचा विषय काढलास.

आई पडली होती दिवाळीत, न्हाणीघरात. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून तिला एकटं ठेवण्यावरून आपली दोघांची खडाखडी चालूच होती. ती इकडे येणार नाही हे दोघांनाही माहीत. थंडी सोसत नाही, हिंदी बोलवत नाही, आणि गल्लीतल्या पोरांना पाढे शिकवायचे असतात. तू म्हणायचास मी वेळेआधी रिटायर होतो आणि गावी जातो. मी म्हणायचे तू दहा वर्षं झाली हेच म्हणतोयस. हे ठरलेलं भांडण होतं, त्याला दोघंही सरावलो होतो. पण त्या दिवशी तू वेगळंच विचारलंस.

"मने, मला जायला नाही जमलं, तर तू जाशील काय आईकडं?"

मी म्हटलं, माझी नोकरी आहे. तू म्हणालास, "तुझा लॅपटॉप गडहिंग्लजला उघडत नाही काय?"

आणि माझं डोकं फिरलं. कारण हे मी आयुष्यभर ऐकत आलेय. मनीषाला काय, नवरा नाही, पोर नाही, ती सुटी आहे. कुणाची डिलिव्हरी असो, कुणाचं ऑपरेशन असो, मनीषा आहे की. ज्या एका माणसाने हे कधी म्हटलं नव्हतं तो तू होतास, आणि आता तूही म्हणत होतास. मी म्हणाले, "तुला संसार आहे म्हणून तुझा वेळ मोलाचा, आणि माझा काय फुकटचा? तू मुलगा आहेस, तू बघ." तू काहीतरी बोलायला तोंड उघडलंस. मी सुरी आणि काटा उचलून ताटात शेजारी शेजारी ठेवला. माझं ताट अर्धं भरलेलं होतं.

तू माझ्या ताटाकडे बघितलंस. मग तूही तुझा काटा जुळवलास. दुसऱ्या मिरचीला हात लागला नव्हता. सरदारजी आले, दोन्ही ताटं बघून बिचकले, तुला म्हणाले, "सरजी, पसंद नहीं आया?" तू म्हणालास, बढिया था, पेट भर गया. मला गाडीपर्यंत सोडलंस, पोहोचल्यावर मेसेज कर म्हणालास. मी केला नाही.

पुढच्या आठवड्यात वहिनीचा फोन आला की उद्या तुझी बायपास आहे. मी धावत आले. तू पलंगावर उठून बसला होतास आणि मला बघून म्हणालास, आलीस? आता या दोघी घाबरणार नाहीत. त्या शनिवारचं मी काही बोलले नाही. म्हटलं, बरा होऊन घरी येऊ दे, मग सविस्तर भांडू. बाहेर बाकावर बसलेली आपली ईरा मला म्हणाली, "आत्या, पापा ने आपको बताया नहीं था क्या? वो तो आपको बताने ही गए थे उस दिन।" मी तिला मराठीत विचारलं, कुठल्या दिवशी. ती म्हणाली, "रूफटॉप वाले दिन।"

तिसऱ्या दिवशी तू गेलास.

वहिनीने नंतर सांगितलं की त्या रात्री तू घरी येऊन म्हणालास, सांगायचं राहून गेलं, मनूने काटा जुळवला. आणि हसलास. नियम म्हणजे नियम. एकदा जुळवलं की परत उचलायचं नाही, हे तूच शिकवलं होतंस आणि ते तू शेवटपर्यंत पाळलंस. मला तुझा राग येतो, दादा. छातीत काय चाललंय हे सांगायला आलेला माणूस बहिणीच्या सुरी-काट्याचा मान राखतो? टेबलावर मूठ आपटायचीस. गप्प बस म्हणायचंस. धाकटी आहे मी.

आईला मामेभाऊ विमानाने घेऊन आला. विमानात पहिल्यांदाच बसली, पण त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. तेरा दिवस ती वहिनीच्या शेजारी बसून राहिली, आल्यागेल्यांना हात जोडत. पंजाबी बायका गळ्यात पडून रडायच्या, ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. माझ्यासारखीच कोरडी. परवा ती माझ्याकडे राहायला आली, आणि काल दुपारी चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "शेवटचं बाहेरचं तो तुझ्यासंगं जेवला म्हणे. मला घेऊन चल तिथं."

मी टाळायला बघितलं. जिना आहे, खुर्च्या उंच आहेत, जेवण तुला आवडायचं नाही. ती पायात चपला घालून दाराशी उभी राहिली.

संध्याकाळी पाचला पोहोचलो, गच्ची नुकतीच उघडली होती. लिफ्टमधून बाहेर आल्यावर मी सवयीने भराभरा वर चढले. वरून बघते तर आई त्याच वळणावर, कठड्याला हात टेकून. मी पुन्हा तेच केलं होतं. ती हळूहळू वर आली. सरदारजींनी मला ओळखलं. तुझं विचारलं, मी सांगितलं. त्यांनी आईपुढे हात जोडले आणि आपल्याच टेबलाची खुर्ची तिच्यासाठी मागे ओढली. शेगड्या काढून टाकल्यात आता. उन्हं अजून होती, डोंगर दिसत होते.

आई म्हणाली, "त्यानं काय खाल्लं ते मागव."

ताट आलं. दोन ढबू मिरच्या, तशाच. आईने चमच्याच्या टोकाने आत बघितलं. "भात होय? मला वाटलं पीठ पेरलं असेल." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "सगळं खाल्लं त्यानं?"

मी म्हणाले, एक खाल्ली, एक टाकली.

तिचा विश्वास बसेना. तू ताटात टाकायचा नाहीस. मास्तरीण बाईंचा पोरगा, शीतसुद्धा टाकायची बिशाद नव्हती. ती म्हणाली, "का टाकली?"

खोटं बोलता आलं असतं. पोट बरं नव्हतं म्हणता आलं असतं, ते अर्धं खरंही होतं. पण एकोणीस दिवस मी हेच एक तोंडात धरून बसले होते आणि मला ते आता धरवत नव्हतं. मी सगळं सांगितलं. तू काय विचारलंस, मी काय बोलले, काटा कुणी आधी जुळवला. माझा आवाज एकदाही हलला नाही. रिपोर्ट वाचून दाखवावा तसं सांगितलं.

आईने ऐकून घेतलं. मग एक मिरची चमच्याने उचलून माझ्या ताटलीत ठेवली. म्हणाली, "ही त्यानं खाल्लेली. ही तू खा." आणि दुसरी स्वतःपुढे ओढली.

"लहानपणी पण तुम्ही जेवतानाच भांडायचा," ती म्हणाली. "तू ताट ढकलून उठायचीस, मग तो उठायचा. टाकलेलं मीच संपवायचे."

आणि तिने ती खायला घेतली. हाताने. सावकाश, देठापर्यंत, वरचा टोमॅटोचा रस बोटाने निपटून. शेजारच्या टेबलावरची माणसं बघत होती, तिला त्यांचं काही नव्हतं. मीही खाल्ली. भात थोडा अळणी होता. एकोणीस दिवसांत मला कशाची चव लागली ती ही पहिली.

खाऊन झाल्यावर आई म्हणाली, मला कुणी सोबतीला यायला नको, मी काय मागितलं होतं काय तुम्हा दोघांकडं, तुमचं तुम्हीच ठरवून भांडत बसलात. म्हणजे तू आणि मी त्या एका गोष्टीवरून एवढे महिने भांडलो आणि तिला विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, तू मागितलं नाहीस, पण मी येतेय. गुरुवारी तुझ्यासोबत निघते, जूनपर्यंत तरी राहते, पुढचं पुढं. ती म्हणाली, "तो म्हणाला म्हणून येऊ नकोस. आणि सुटी आहेस म्हणून तर मुळीच नको." मी म्हटलं, मला यायचंय. हे खरं आहे का ते मला अजून कळत नाही, दादा. सध्या मला काय हवंय हेच कळत नाही. पण तोंडातून आलं आणि मागे घ्यावंसं वाटलं नाही. आई हात धुऊन येईपर्यंत मी माझा काटा आणि सुरी ताटलीच्या दोन कडांना लांब लांब ठेवून बसले होते. सरदारजी दोनदा जवळून गेले आणि ताटली न उचलता पुढे गेले.

उतरताना आईचे गुडघे बोलायला लागले. त्याच वळणावर ती पुन्हा थांबली. समोर भिंत.

"इथंच थांबला होता न्हवं तो?"

मी तिला ते सांगितलं नव्हतं. हो म्हणाले.

"आणि तू?"

"मी पुढं गेले होते."

तिने मान हलवली. कठड्यावरचा एक हात काढून माझ्या दंडावर ठेवला, सगळा भार टाकून. म्हणाली, "आता थांब जरा."

मी थांबले, दादा.